चावडीसमोर ख्रिस्ती कीर्तन करावं का, आणि करायचं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाला यंदा नाताळात चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत कीर्तन करायचं आहे. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, टाळ-चिपळ्या देवळातल्या, त्या आपल्या नव्हेत. गावातला एक मित्र म्हणतो, आमचं कीर्तन उचलून तुम्ही धर्मांतर करणार. तिसरी अडचण या मुलांनीच लिहिली आहे: कीर्तन उभं कसं करतात हे त्यांच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नाही. तरी करावं का?

करावं. पण तिसरी अडचण आधी हातात घ्या, कारण पहिल्या दोन शंका बऱ्याच अंशी तिथेच सुटतात. ज्याला कीर्तन येतं त्याच्या तोंडी ते उसनं वाटत नाही. ज्याला येत नाही, त्यानं कितीही भक्तिभावानं फेटा बांधला तरी समोरच्याला तो वेशच दिसतो. मी बरीच वर्षं नारदीय पद्धतीनं (आधी तत्त्वाचं निरूपण, मग त्यावर एक कथा) ख्रिस्ती कीर्तन करत आले आहे, चर्चमध्ये, अंगणात, शाळेच्या पटांगणावर. लोकांनी मला अनेक प्रश्न विचारले, पण आख्यान, म्हणजे कीर्तनातली कथा, रंगलं त्या दिवशी "हे तुमचं कसं?" असं कुणी विचारलं नाही. हा प्रश्न येतो तो चाल घसरते, पाठांतर अडतं आणि कीर्तनकार कागदात बघून बोलतो तेव्हा.

वडीलधाऱ्यांकडे जाताना उपासनासंगीताचं पुस्तक घेऊन जा. दर रविवारी ते ज्यातून गातात त्याच पुस्तकात रेव्ह. नारायण वामन टिळकांची पदं पानोपानी आहेत, आणि त्यातली कित्येक सरळ सरळ अभंगाच्या चालीची आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला आणि पुढची बरीच वर्षं ते अहमदनगरात राहिले, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघडपणे म्हणत. स्वतः कीर्तनं करत. 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, तो याच ओढीनं: ख्रिस्ताची भक्ती इथल्या मातीतल्या माणसासारखी करता यावी म्हणून. त्यांच्याही आधी नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींवर ख्रिस्ती पदं रचली होती. आणखी मागे गेलात तर फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातून 1579 साली गोव्याला आलेला हा जेझुइट (येशू संघाचा) धर्मगुरू इथलीच भाषा शिकला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली. 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापून झालं, सुमारे 11 हजार ओव्यांचं. ते लिहिण्याचं कारण त्यातच दिलं आहे: नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती, आणि आम्हांला तसं काही ऐकायला द्या, असं त्यांनीच मागितलं. म्हणजे मागणी श्रोत्यांची होती. पाद्र्यानं वरून लादलेली युक्ती नव्हे.

इतकं सांगूनही आजोबा मान हलवतील. तेव्हा त्यांना अडाणी समजू नका, आणि 'मिशनरींनी यांची संस्कृती हिरावली' असलं छापील वाक्य तर मुळीच तोंडावर फेकू नका. जरा बसा आणि विचारा.

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घराण्यांचं मूळ महार आणि मांग वस्त्यांत आहे. त्या वस्त्यांतल्या माणसाला कीर्तन ऐकायला मिळे ते देवळाबाहेर, लांब उभं राहून. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीच्याही अलीकडे. पंढरीचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. तुमच्या आजोबांचा जन्म याच्याच आगेमागे झालेला असणार. मग "टाळ आपला नव्हे" असं ते म्हणतात तेव्हा त्यात धर्मशास्त्र किती आणि "आम्हांला तिथे उभं केलं नाही" ही आठवण किती, हे तुम्ही ऐकून घ्यायला हवं. हलगीचंही तसंच आहे. आज शहरातल्या कार्यक्रमात हलगी वाजली की लोक टाळ्या वाजवतात. ज्या घरातल्या माणसाला दुसऱ्याच्या लग्नात, मयतीत, जत्रेत ती हुकमावरून वाजवावी लागे आणि बदल्यात शिळी भाकर मिळे, त्या घरानं ती टाकून दिली असेल तर तो त्याचा स्वाभिमान होता. इंग्रजी चालीची गीतं आणि चर्चमधला बाजा याच माणसांना प्रिय झाला, कारण तो आवाज पहिल्यांदा बाकावर बसून ऐकायला मिळाला. त्या चालींना परकं म्हणून हिणवू नका. चार पिढ्यांनी त्या गाऊन आपली मढी पुरली आणि मुलांची लग्नं लावली.

म्हणून माझं मत असं की 'भारतीय पद्धत' म्हणजे फक्त नारदीय कीर्तन, असा समज करून घेऊ नये. नारदीय कीर्तन मला अतिशय प्रिय आहे, पण ते मुख्यतः ब्राह्मणी घरांत वाढलं आणि टिळकांनी ते ख्रिस्ती केलं तेही आपल्या घरच्या संस्कारातून. तुमच्या घरात पोवाडा असेल, गोंधळाच्या चालीची गाणी असतील, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी असेल तर तेही तितकंच मोलाचं. आजीला आधी विचारा. मी ऐकलेल्या मरियेवरच्या उत्तम ओव्यांपैकी काही कधीच छापल्या गेल्या नाहीत. त्या दळताना रचलेल्या होत्या आणि रचणारीला लिहिता येत नव्हतं. मात्र हलगी घ्यायची की नाही ते ज्याच्या घरात ती होती त्यालाच ठरवू द्या. माहौल यावा म्हणून दुसऱ्या कुणी ती आणू नये.

वसईकडे किंवा गोव्याकडे नातेवाईक असतील तर तिकडची गोष्ट निराळी आहे हेही लक्षात असू द्या. स्टीफन्सला ओवी लिहू देणाऱ्या त्याच गोव्यात 1684 साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघालं आणि 1736 साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, हुकमानं लग्नातली देशी गाणी आणि कितीतरी चालीरीती बंद करायचा प्रयत्न झाला. तिथल्या जुन्या माणसांच्या मनातली भीती त्या वाटेनं आलेली असू शकते. नगरची त्या वाटेनं आलेली नाही.

आता मित्राचा आक्षेप. तो तुमचा मित्र आहे आणि तोंडावर बोलला, ही चांगली गोष्ट आहे. त्याला संविधानाचं कलम 25 दाखवता येईल. त्यात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिलेला आहे आणि तो तुमचाही आहे. पण गावात राहायचं तर अधिकाराच्या जोडीला विश्वास लागतो, आणि तो तुमच्या वागण्यातूनच येईल. फलकावर ठळक लिहा: 'ख्रिस्ती कीर्तन', खाली मंडळीचं नाव, आख्यानाचा विषय. नुसतं 'भव्य कीर्तन महोत्सव' लिहून लोकांना बोलावणं ही फसवणूक आहे आणि ती तुमच्या प्रभूला शोभत नाही. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद. कीर्तनाच्या ठिकाणी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना, साड्या-चादरींचं वाटप, नावं लिहून घेणं, यातलं काहीही करू नका. कुणी नंतर येऊन श्रद्धेविषयी विचारलं तर मात्र लाजून विषय बदलू नका, स्वच्छ सांगा. सुवार्ता लपवणं आणि सुवार्ता गळ्यात मारणं, दोन्ही मला सारखीच अप्रिय आहेत.

एक गोष्ट मी माझ्या शिष्यांना पहिल्याच दिवशी बजावते. तुकोबांचा अभंग घेऊन त्यातला विठ्ठल काढायचा आणि येशू घालायचा, हे करायचं नाही. कधीही नाही. 'जे का रंजले गांजले' घ्यायचा असेल तर 'तुका म्हणे'सकट घ्या, तुकोबांचं नाव आदरानं उच्चारा, त्यांनी काय म्हटलं ते त्यांच्या अर्थानं सांगा आणि मग येशूचं डोंगरावरील प्रवचन त्याच्या शेजारी ठेवा. दोन्ही शेजारी ठेवली की श्रोत्याला जे दिसायचं ते दिसतं. नाव बदललंत तर तुकोबांचा अपमान होतो आणि तुमच्याकडे स्वतःचं काही नाही हेही उघड होतं. तसंच बुक्का, देवाला हार घालण्याचा मध्यंतरातला प्रकार, तुळशीची माळ, कीर्तनकाराच्या पाया पडणं, हे मी घेत नाही. वारकरी कीर्तनात उभं राहणाऱ्याकडून माळेची, व्रताची अपेक्षा असते. ती पाळत नसताना तो थाट करणं बरं नव्हे. नारदीय पद्धतीत त्या मानानं मोकळीक आहे, म्हणून मी ती निवडली. मी नऊवारी नेसते आणि हाती झांज घेते, गळ्यात माझा रोजचा साधा क्रूस असतो. तो लपवत नाही.

मराठी माणसानं मनापासून केलेलं काम दूर लोटल्याचं मला फारसं दिसलेलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कुणी ख्रिस्ती पुस्तक म्हणून बाजूला ठेवत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा, जानेवारी 2020 मध्ये, विरोध झाला, धमक्याही आल्या. संमेलन झालं आणि अध्यक्ष तेच राहिले. त्यांच्यामागे उभे राहिलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते, कारण हरित वसईच्या चळवळीत विहिरी, पाणी आणि शेतं वाचवायला हा पाद्री सगळ्यांबरोबर रस्त्यावर उतरला होता. तुमच्या गावात टँकर येतो त्या महिन्यांत तुमचा तरुण संघ कुठे असतो, हा प्रश्नही कीर्तनाच्या तयारीतच धरा.

कलेच्या बाजूनं मला नेहमी आठवतो तो चित्रकार आंजेलो द फोन्सेका. गोव्यात 1902 साली जन्मलेला हा माणूस शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. मरियेला त्यानं साडी नेसवली, तेव्हा त्याच्याच लोकांनी त्याच्यावर टीका केली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून तो 1967 मध्ये जाईपर्यंत चित्रं काढत राहिला. त्याची मरिया पाहा. पदर, मानेचा कल, मूल कडेवर घेण्याची रीत, सगळं बारकाईनं बघून काढलेलं आहे. साडी नेसवायची कल्पना कुणालाही सुचेल. पदर तसा पडायला हात बसलेला लागतो. कीर्तनातही मेहनत तिथेच आहे.

तर आता प्रत्यक्ष कीर्तन. नारदीय कीर्तनाचे दोन मोठे भाग: पूर्वरंग आणि उत्तररंग. सुरुवातीला नमन, मग मूळपद (ज्यावर सगळं कीर्तन उभं राहतं ते पद), त्याचं निरूपण, निरूपणाला प्रमाणं म्हणजे आधाराची वचनं आणि लहान दृष्टांत, पुन्हा मूळपदावर येऊन भजन. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे पूर्वरंगात जे तत्त्व मांडलं त्याची एक सविस्तर कथा, आणि शेवटी ती कथा मूळपदाला आणून जोडायची. मग भैरवी. पहिल्यांदा करणाऱ्यांनी पूर्वरंग वीस मिनिटांत आटपावा. नवशिका तिथेच उपदेश करत बसतो आणि बायका उठून जातात.

नाताळ आहे म्हणून गव्हाणीचंच आख्यान लावलं पाहिजे असं नाही. चावडीसमोर पहिल्यांदाच उभे राहणार असाल तर मी लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र सुचवेन, कारण ही कथा गावाला सांगावी लागत नाही. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. एवढं वाक्य म्हणा आणि क्षणभर थांबा. समोर बसलेल्या प्रत्येक घरात सातबारावरून कधीतरी भांडण झालेलं असतं. ज्येष्ठाला दुप्पट हा मोशेच्या नियमशास्त्रातला हिशेब, म्हणजे धाकट्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा, हेही सांगा. लोकांना हिशेब ऐकायला आवडतो आणि कथा खरी वाटू लागते.

परदेशातल्या उधळपट्टीला कटाव (जलद लयीत म्हणायचं वर्णनपर पद) लावा, भरभर, दम न घेता. दुष्काळ पडला की लय एकदम उतरवा. डुकरांच्या शेंगांपाशी एक सावधगिरी: आपल्याकडे 'शेंगा' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे भुईमूग येतो आणि तो म्हणतो, बरं चाललंय की याचं. म्हणून 'जनावरांपुढे टाकायच्या वाळक्या शेंगा' असं म्हणा. मग मुलगा परत निघताना मनात वाक्य घोकतो, तिथे अभंग हवा. मोठ्या अभंगाचं माप सोपं आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. माझ्या आख्यानातला हा घ्या, हवा तर वापरा:

नको म्हणू बापा, मला तुझा पुत्र ।
घाल अन्नमात्र, चाकरासी ॥

अक्षरं मोजून पाहा आणि पुढची कडवी तुम्हीच रचा. चाल ज्ञात अभंगाची ठेवा, म्हणजे टाळकऱ्यांना दुसऱ्या फेरीलाच उचलता येईल.

आता सगळ्या आख्यानाचा जीव जिथे आहे ती जागा. मुलगा अजून दूर असताना बाप त्याला पाहतो आणि धावत जातो. इथे बहुतेक कीर्तनकार लगेच 'देव किती प्रेमळ' यावर येतात. येऊ नका. आधी धावणं दाखवा. प्रतिष्ठित म्हातारा माणूस गावात धावत नाही. त्याच्याकडे लोक चालत येतात. हा धोतराचा सोगा हातात धरून, पागोटं सुटलेलं, भर दुपारी वेशीकडे पळतो आहे आणि ओट्यांवरचे लोक बघताहेत. अब्रू त्या पोरानं घालवली होती, आणि उरलेली बाप स्वतः धावून घालवतो, कारण पोराला गावाच्या टोमण्यांतून एकट्यानं चालत यावं लागू नये. हे मी असं ओवीत घेते:

बाप उभा वेशीवरी । हात आडवा डोळ्यांवरी ।
लेक दिसता दूरवरी । धाव घेई म्हातारा ॥

शेवटच्या चरणाला पेटी थांबवा, फक्त झांज चालू द्या, चढती. मग मिठी मारताना तीही बंद. इथे दोन-तीन क्षण काहीही बोलायचं नाही. नव्या माणसाला हे सगळ्यांत अवघड जातं, त्याला वाटतं आपण विसरलो असं लोक समजतील. समजू देत. मुलगा आपलं घोकलेलं वाक्य सुरू करतो तेव्हा वरचाच अभंग पुन्हा घ्या, पण 'अन्नमात्र'च्या आधीच तोडा, कारण लूकच्या कथेतही बाप त्याला ते पुरं बोलू देत नाही. चाकर म्हणून ठेवा, हे म्हणायच्या आत तो झगा, अंगठी आणि जोडे मागवतो.

थोरला भाऊ गाळू नका. तो शेतातून येतो आणि त्याला घरातून गाणं-बजावणं ऐकू येतं, असं शुभवर्तमानातच लिहिलं आहे. आत यायला तो नकार देतो. बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो, या वेळी याच्यासाठी, आणि विनवतो. थोरला आत गेला की नाही हे येशूनं सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. दाराबाहेरच त्याला ठेवून मूळपदावर या. मंडळीतल्या लोकांना हा भाग लागू पडतो आणि चावडीवरच्यांनाही, तेव्हा कुणाकडे बोट करून बोलण्याची गरज नाही.

साथीविषयी. चर्चमधला गायनसंघ पुस्तकात बघून चार आवाजांत गातो. कीर्तनात एक पुढे म्हणतो आणि बाकीचे झेलतात, डोळे कीर्तनकारावर. ही सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून सरावाला पहिल्या दिवसापासून कागद आणूच देऊ नका. पेटीवाला तुमच्यातला असेलच. तबला गावातल्या भजनी मंडळातल्या कुणाला येत असेल तर त्याला विचारा. तो हिंदू असला तर उत्तमच, फक्त काय गाणार आहोत हे त्याला आधी सगळं ऐकवा आणि नको म्हणाला तर राग मानू नका. बिदागी द्या. आणि शंका काढणारा तो मित्र, त्यालाही सरावाला बोलवा.

चावडीच्या आधी एकदा मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर विरोधकाच्या अंगणात करा, त्यांची परवानगी घेऊन. आख्यान पंचेचाळीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. त्यांनी शेवटपर्यंत बसून ऐकलं, तर नंतर त्यांना एखादी जुनी चाल आठवते का विचारा आणि ती मूळपदाला लावून बघा. ऑक्टोबरात सराव सुरू केलात तर नाताळापर्यंत पूर्वरंग आणि हे एक आख्यान नीट बसेल. दुसरं पुढच्या वर्षी.